आ. उ.

बाबांच्या वहीतली शेवटची नोंद ९ जुलैची आहे. ‘औ.’ आणि पुढे आकडा. औ. म्हणजे औषधं. त्याखालच्या ओळीत १० जुलै अशी तारीख घातलेली आहे आणि समोरची जागा कोरी आहे. उद्याची तारीख आज रात्रीच घालून ठेवायची, ही त्यांची सवय. दहा तारखेला पहाटे त्यांना दवाखान्यात नेलं आणि तिथून ते घरी आले नाहीत. २०२४ सालची गोष्ट.

वही माझ्याकडे आली ती कुणी सोपवली म्हणून नव्हे. भाऊ परदेशात असतो. तो आला, दोन आठवडे राहिला, जे जे करायचं ते सगळं मन लावून केलं आणि परत गेला. त्यानंतर एका संध्याकाळी वीजबिलाची शेवटची तारीख कोणती हे घरात कुणालाच सांगता येईना, तेव्हा मी कपाट उघडून वही काढली. ती मग माझ्या पिशवीतच राहिली.

बाबा सरकारी नोकरीत होते, लेखा शाखेत. २०१४ साली ५८ पूर्ण करून निवृत्त झाले आणि ऑफिसची रोकडवही सुटली तशी घरच्या वहीवरची त्यांची पकड आणखी घट्ट झाली. दरवर्षी एक लांबट वही. प्रत्येक पानावर मध्यभागी ‘श्री’, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. वर्ष एप्रिल ते मार्च. पान संपलं की ‘पुढील पानावर’ आणि उलटल्यावर ‘मागील पानावरून’. रोज रात्री जेवणं झाली की पाकिटातली रोकड टेबलावर मोजायची आणि वहीतल्या शिलकेशी ताडून बघायची. जुळली की वही बंद. नाही जुळली की आमच्या घरात टीव्हीचा आवाज आपोआप खाली यायचा. पाच रुपयांसाठी एक माणूस रात्री साडेदहापर्यंत जागा राहू शकतो, हे मी लहानपणीच पाहिलंय. पण बहुतेक वेळा जुळायची. ‘मघाशी मोजताना माझीच चूक झाली,’ असं ते म्हणायचे आणि दिवा मालवायचे.

त्यामुळे मला वाटत होतं, वही आहे म्हणजे सगळं आहे. पण वहीत होता तो खर्च. कुठे काय ठेवलंय, ते वहीत नव्हतं. कुठल्या बँकेत किती ठेवी, कुठल्या विम्याचा हप्ता कधी, लॉकरची दुसरी किल्ली कुठे, ईमेलचा पासवर्ड काय, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. बाहेर गेलेला प्रत्येक रुपया त्यांनी चाळीस वर्षं लिहून ठेवला. घरात असलेल्या रुपयाबद्दल मात्र एक ओळ नाही.

सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. माणूस दवाखान्यात गेला असेल तर कळवण्याचं काम दवाखानाच करतो, त्यामुळे ती धावपळ वाचली. दाखला हातात आला तेव्हा बाबांच्या नावातली दुसरी वेलांटी पहिली झालेली होती आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्तीचा होता. खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, ‘चालतं हो ताई.’ चालत नाही. तो एक ‘ए’ पुढे बँकेत, विम्यात, पेन्शनच्या कागदात, जिथे जाल तिथे आपल्या आधी जाऊन बसलेला असतो. दुरुस्तीत तीन आठवडे गेले. दाखला मिळाला की खिडकीपासून हलायच्या आत आधार कार्डाशी अक्षर न अक्षर ताडून बघा, आणि पाच प्रती मागणार असाल तर दहा मागा. बाबांनी तिथल्या तिथे ताडला असता.

फोनचंही सांगते. जवळच्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात सल्ला दिला, ‘त्यांचा नंबर बंद करून टाका, उगाच फोन येत राहतात, आईंना त्रास.’ मी बंद करणारही होते. केला असता तर मेले असते. प्रत्येक ओटीपी त्याच नंबरवर जायचा. गॅसची नोंदणी, ईमेल, आयकराचं पोर्टल, सगळ्या कुलपांची चावी तो एक जुना फोन होता. रिचार्ज थांबवलं तर नंबर आधी मुका होतो आणि पुढे यथावकाश दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. वर्षभर मी त्या फोनचं रिचार्ज करत राहिले. आता ते माझ्या हिशेबात कुठल्या सदराखाली लिहायचं? मी ‘किरकोळ’मध्ये टाकलं. बाबांना किरकोळ आवडायचं नाही. ‘किरकोळ म्हणजे आठवत नाही, असं सरळ लिहा,’ म्हणायचे.

आणि कार्ड. एका नातेवाइकाने बाजूला घेऊन सांगितलं की पिन माहीत असेल तर बँकेला कळवायच्या आधी एटीएममधून काढून घ्या सगळे, नंतर अडकतात. हा सल्ला इतक्या घरांत इतक्या आपुलकीने दिला जातो की त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटतही नाही. माणूस गेल्यावर त्याचं कार्ड वापरायचा अधिकार कुणालाच नसतो, बायकोलाही नाही. आणि आमच्याकडे तर गरजही नव्हती. पेन्शनचं खातं आई-बाबांचं मिळून होतं, ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ या पद्धतीचं. असं खातं अडकत नाही. दाखला दिला, अर्ज दिला, बाबांचं नाव कमी झालं, खातं आईचं राहिलं. पुढच्या महिन्यात त्यात बाबांची पेन्शन जमा झाली, कारण खबर कोषागारापर्यंत पोचायची होती. आम्ही हात लावला नाही, नंतर ती परत वळती झाली. काही घरांत तोवर खर्च झालेली असते आणि मग वसुलीचं पत्र येतं.

पासबुकं मी एका रविवारी जमिनीवर पसरून वाचली. पासबुक वाचणं हे एक काम आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. दरवर्षी मेअखेर १२ रुपये वजा. पुढे २०२२ पासून तेच २० झाले. बँकेचे चार्जेस असतील म्हणून मी ओळ ओलांडून पुढे गेले होते. मग लक्षात आलं, ही प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. तिचा हप्ता २०२२ च्या जूनपासून १२ चा २० झाला. म्हणजे बाबांनी २०१५ साली योजना निघाल्या निघाल्या फॉर्म भरला होता. अपघाती मृत्यूला दोन लाख. बाबा आजाराने गेले, तेव्हा आमचा काही संबंध नव्हता. पण अशी एक ओळ वाचायची राहिल्यामुळे दावाच न केलेली घरं किती असतील, हा विचार त्या दिवशी डोक्यातून जाईना. दोन आकडी वजाबाकी दिसली तरी ती कशाची, हे विचारा.

नॉमिनीच्या बाबतीत आमच्या घरात जवळजवळ भांडण झालं असतं. एका मुदत ठेवीवर नॉमिनी म्हणून भावाचं नाव होतं. काकांचं म्हणणं, ‘ज्याचं नाव त्याचे पैसे, दादाची तशीच इच्छा असणार.’ भाऊ गप्प. मीही गप्प, पण माझं गप्प बसणं वेगळ्या जातीचं होतं. नंतर वाचत बसले. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच विम्याच्या एका प्रकरणात सांगितलंय की नॉमिनी पैसे स्वीकारतो, तेवढ्याने मालक होत नाही, पैसे वारसांचे. शेअर्सच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच. आणि मृत्युपत्र नसलेल्या हिंदू पुरुषाच्या मागे, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, बायको, मुलगा, मुलगी आणि आई यांचा सारखा वाटा. आजी नव्हती. म्हणजे आम्ही तिघं, प्रत्येकी एक तृतीयांश. मी हे भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘अगं, मला तरी कुठे माहीत होतं माझं नाव आहे ते!’ झालं, भांडण तिथेच संपलं. बाबांनी ते नाव बहुधा फॉर्मवर रकाना रिकामा राहू नये म्हणून भरलं असावं. रिकामा रकाना त्यांना बघवायचा नाही.

‘वारस दाखला काढलात का?’ हा प्रश्न मला किमान वीस जणांनी विचारला आणि वीस जणांच्या मनात निदान तीन वेगळे कागद होते. पेन्शनवाल्यांना हवा असतो तो तहसीलदारांचा. ठेवी आणि शेअर्ससाठी नॉमिनी वगैरे काहीच नसेल आणि रक्कम मोठी असेल तर कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र, १९२५ च्या कायद्याखालचं. आणि स्थावरासाठी आपल्याकडे कोर्टातून वारस दाखला मिळतो तो मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या रेग्युलेशनखाली. १८२७! पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती. कंपनी सरकारच्या त्या कागदावर आजही आपल्याकडे फ्लॅट नावावर होतात. वकिलांनी हे सांगितलं तेव्हा मला बऱ्याच दिवसांनी हसू आलं, आणि हे बाबांना सांगायला हवं असंही वाटलं.

गावच्या जमिनीचं फार लिहीत नाही, ती एक वेगळीच कादंबरी आहे. थोडक्यात एवढंच की सातबाऱ्यावर बाबांचं नावच नव्हतं. १९९१ साली गेलेल्या आजोबांचं नाव होतं आणि त्याखाली काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’. एकत्र कुटुंब मॅनेजर. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या वडिलांची वारस नोंद तेहतीस वर्षांत केली नव्हती. राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली ती अशाच मेलेल्या नावांसाठी, आणि आमचा अर्ज त्यात लागला. गावातल्या कार्यालयात आजोबांपासूनची सगळी वंशावळ सांगून झाल्यावर समोरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, ‘मग बहिणींचं हक्कसोड कधी करताय?’ अर्ज घेऊन समोर बसलेली बहीण मीच. मी म्हटलं, ‘करायचं असलं तर करू, पण विचारायचा क्रम चुकला तुमचा. आधी नोंद, मग बाकीचं.’ त्यांनी वर पाहिलं. नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्यांची सही झाली, फेरफार मंजूर. माझ्या दोन्ही आत्यांची नावं आयुष्यात पहिल्यांदा त्या उताऱ्यावर आली. धाकट्या आत्याने त्याची फोनवर आलेली प्रत छापून घेतली आणि लॅमिनेट केली.

हे सगळं मी करत होते आणि आईला काही सांगत नव्हते. ‘आईला त्रास नको’ हे वाक्य आम्ही दोघं भावंडं दिवसातून चारदा एकमेकांना ऐकवायचो. तिच्यासमोर फक्त सहीचे कागद जायचे, पेन्सिलने फुली मारलेले. इथे, इथे आणि मागच्या पानावर. ती सही करायची. बाबाही असंच करायचे. आयकराच्या विवरणपत्रापासून लॉकरच्या करारापर्यंत पेन्सिलच्या फुल्या. आईने फुलीच्या वरचं कधी वाचलेलं मी पाहिलं नव्हतं, तेव्हा तिला त्यातलं कळत नाही, असं मी धरून चालले होते.

बँकेत एक दिवस दाव्याच्या फॉर्मवर सही करताना ती थांबली. तिची नमुना सही १९८६ सालची. त्या काळच्या बऱ्याच बायकांसारखी ‘सौ.’पासून सुरू होणारी. पेन कागदावर टेकवून ती काउंटरपलीकडच्या मुलीला म्हणाली, ‘आता हे कसं लिहू?’ त्या मुलीला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती गोंधळली, आत जाऊन साहेबांना विचारून आली. म्हणाली, ‘काकू, रेकॉर्डला जशी आहे तशीच करावी लागेल. नाहीतर सही जुळणार नाही.’ आईने केली. ‘सौ.’ घालून, नवऱ्याच्या मृत्यूच्या फॉर्मवर, तीन ठिकाणी. मी शेजारी उभी होते आणि मला काय बोलावं ते सुचत नव्हतं. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, ‘सही बदलायचा फॉर्म असतो ना? तो का नाही भरला आधी?’ मला माहीत नव्हतं, असं मी सांगितलं. ‘मला विचारायचंस. मी त्या मुलीला विचारलं असतं.’ मग जरा वेळाने, ‘आणि आज सह्या केल्या त्या कशावर?’

त्या रात्री मी वही, पासबुकं, फाइल, सगळं तिच्यासमोर ठेवलं. सांगायला लागले तर ती म्हणाली, थांब, मी बघते. चष्मा लावून तिने वही उलटीकडून चाळायला घेतली, जुलैकडून एप्रिलकडे.

वहीत एक सदर होतं जे मला लागत नव्हतं. ‘आ. उ.’ दर महिन्याच्या पंचविशीनंतर कधीतरी जमेच्या बाजूला आ. उ., पाचशे, आठशे, कधी हजार. आणि पुढच्या महिन्याच्या एक-दोन तारखेला खर्चाच्या बाजूला आ. उ., तेवढेच. मी जुन्या वह्याही काढून पाहिल्या होत्या. १९८९ च्या वहीत आ. उ. वीस रुपये आहे. भावाला विचारलं, काकांना विचारलं. ऑफिसातली पतपेढी असेल, कुणी सावकार असेल, असेही तर्क झाले. आकस्मिक उचल? आवर्ती... काहीतरी? लेखा शाखेतल्या माणसाचं संक्षिप्त रूप, म्हणजे सरकारी शब्द असणार, या समजुतीने मी ‘तसलमात’पर्यंतचे सगळे शब्द आठवून पाहिले होते. आईला विचारावं, हे सुचलं नव्हतं.

ती म्हणाली, ‘ते माझे पैसे.’

आ. उ. म्हणजे आईचे उसने. आधी ‘हिचे उसने’ लिहायचे, मी झाल्यावर आईचे झाले. घरखर्चाला दिलेल्या पैशांतून ती काही बाजूला टाकायची, शिवणाचे यायचे ते वेगळे, आणि महिन्याच्या शेवटी बाबांना कमी पडले की ते तिच्याकडून उसने घ्यायचे. एक तारखेला परत. पस्तीस वर्षं. एकदाही चुकले नाहीत, असं ती म्हणाली, आणि मग जरा हसली. ‘शेवटचे राहिले पण. सतराशे.’

मी वही पाहिली. २७ जूनला आ. उ. जमा १,७००. जुलैच्या एक तारखेला परतफेड नाही. त्या आठवड्यात तपासण्या सुरू होत्या. आकडा तिने वही न बघता सांगितला होता.

‘तू कुठे लिहून ठेवायचीस?’

‘लिहायचं काय त्यात? माझे मला माहीत असतात.’

त्यानंतर ती जे म्हणाली ते ऐकून मी वही मिटून बसले. रात्री शिल्लक जुळत नसली की बाबा पाणी प्यायला उठायचे. तेवढ्यात ती टेबलापाशी यायची. कमी असले तर आपल्या डब्यातले पाच-दहा रुपये त्यांच्या पाकिटात टाकायची, जास्त असले तर काढून घ्यायची. ते परत येऊन मोजायचे, जुळायचं, आणि दिवा बंद व्हायचा. ‘नाहीतर बारा वाजेपर्यंत बसले असते. तुमची सकाळची शाळा.’ किती कमी आहेत हे तिला कसं कळायचं? ‘ते पुटपुटत मोजायचे ना.’

म्हणजे चाळीस वह्यांतली ती जुळलेली शिल्लक दोघांची मिळून होती. बाबांना माहीत होतं का? आई म्हणते, नव्हतं. मला खात्री नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची रोकड तपासलेला माणूस रोज पाणी प्यायला उठतो आणि रोज त्याचीच मोजणी चुकलेली निघते. पण हे मी तिला म्हटलं नाही. तिचा तो हिशेब आहे.

मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. बाबांनी आईला बँक दाखवली नाही म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्यावर चिडत होते, आणि आठ महिने मी हुबेहूब तेच केलं होतं. तेही जास्त सफाईने. बाबांची निदान वही होती, टेबलावर उघडी असायची, तिला पाणी प्यायच्या वेळेत तिथे येता यायचं. मी सगळं फोनमध्ये घेतलं होतं, माझ्या अंगठ्याच्या कुलपाआड. त्यात तिने पाच रुपये टाकायचे म्हटले तरी कुठून टाकणार?

कायद्याने माणसाच्या मागे राहिलेल्या पैशांतून आधी त्याची देणी भागतात, उरेल ते वारसांचं. मी तिला म्हटलं, बाबांचे सतराशे मी देते. तिने ‘राहू दे गं’ म्हटलं नाही. हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरून एक साधी दोनशे पानी वही आणायला लावली आणि पहिल्या पानावर जमेच्या बाजूला लिहिलं: ‘यांच्याकडून येणे होते ते आले, १,७००.’ ‘श्री’ घालायला विसरली, ते नंतर वरती कोंबलं.

तेव्हापासून वही तिच्याकडे आहे. ती बाबांसारखी ठेवत नाही. तारखा पुढेमागे असतात, दोन दिवसांचं एकदम लिहिते, बेरीज कधी पेन्सिलने, कधी नाहीच. ‘किरकोळ’ तर पानोपानी. मी एकदा म्हटलं, अगं किरकोळ म्हणजे काय? तर म्हणाली, ‘म्हणजे तुला सांगायचं नाही ते.’ सही बदलून झाली. गॅसचं, विजेचं नाव बदलून झालं. बाबांचं शेवटचं विवरणपत्र, १ एप्रिलपासून ते गेले त्या दिवसापर्यंतचं, मी त्यांची कायदेशीर प्रतिनिधी म्हणून भरलं. तेव्हा ती शेजारी बसली होती आणि व्याजाचा एक आकडा माझ्याकडून राहिला तो तिने सांगितला. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर, जिथे दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी शोधता येतात, तिथे बाबांचं एक पहिल्या नोकरीतलं बचत खातं सापडलं. नॉमिनी, आजी. रक्कम पाहून भाऊ म्हणाला, सोडून दे, अर्जाचा खर्च जास्त. आई म्हणाली, ‘सोडायचं कशाला? त्यांनी लिहिलं असतं.’ प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, तिघांच्या सह्या, आणि ते पैसे आले. ती नोंद तिने किरकोळमध्ये टाकली नाही.

गेल्या नोव्हेंबरात, २०२५ च्या, हयातीचा दाखला द्यायला आम्ही बँकेत गेलो. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सांगावं लागतं. घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं आता, मी तसं सुचवलं होतं. ‘चालता येतंय तोवर चालत जाऊन सांगेन,’ म्हणाली. ते काम पाच मिनिटांत झालं. मग तिने त्याच काउंटरवर नामनिर्देशनाचा फॉर्म मागितला. तिच्या स्वतःच्या वेगळ्या खात्यावर नॉमिनी अजून बाबाच होते. त्या मुलीने सांगितलं, काकू, १ नोव्हेंबरपासून चार नावं देता येतात, आणि कुणाला किती टक्के तेही लिहायचं.

‘चार?’ आई म्हणाली. तिला ते आवडलेलं दिसलं. फॉर्म घेऊन ती भिंतीजवळच्या टेबलाकडे गेली. मी सवयीने मागे गेले, पेन्सिल काढून. तिने पेन्सिलकडे पाहिलं, मी ती परत पिशवीत ठेवली.

ती लिहीत होती. पहिलं नाव, दुसरं नाव. तिसऱ्याला थोडा वेळ घेतला. परीक्षेत पोरं करतात तसा डावा हात कागदाच्या कडेला आडवा धरला होता. टक्क्यांच्या रकान्याशी आल्यावर पुटपुटत बेरीज करायला लागली. मला एक आकडा ऐकू आला, मग दुसरा, आणि मी नकळत पुढे वाकले.

‘शंभर व्हायला पाहिजेत ना?’ तिने वर न बघता विचारलं.

‘हो. दाखव, मी बघते.’

‘तू नंतर बघशीलच की,’ ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालून काउंटरकडे निघाली.